फिफ्थ व्हीलची निगा शेजाऱ्यांकडून शिकताना

प्रश्न थोडक्यात असा होता: "ताई, आम्ही दोघं ह्यूस्टनला असतो, गेल्या महिन्यात २०१७ चं वापरलेलं ३४ फुटी फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचं फिरतं घर) घेतलं, ७,००० पौंडाचे दोन अ‍ॅक्सल आहेत. सर्व्हिस सेंटरला नंबर दोन महिन्यांनी. आरव्ही पार्कात (अशी फिरती घरं उभी करायची जागा) ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. डिसेंबरात नागपूरहून आई-बाबा येतायत, त्यांना घेऊन टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांद व्हॅलीत जायचंय. नेमकं ऐकायचं कोणाचं?"

आमच्याकडे फिफ्थ व्हील येऊन ११ वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची चार आम्ही वर्षाचे आठ-नऊ महिने त्यातच राहतोय. मला जे काही येतं त्यातलं निम्म्याहून जास्त पार्कातल्या शेजाऱ्यांनी शिकवलंय, त्यामुळे "लोकांचं ऐकू नका, सर्व्हिस सेंटरलाच जा" असं मी कधीच म्हणणार नाही. पण तुम्हाला प्रत्येक जण वेगळं का सांगतोय तर प्रत्येकाची गाडी वेगळी आहे म्हणून. अ‍ॅक्सल वेगळा, गिझर वेगळा, स्लाइडची (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) यंत्रणा वेगळी, छताचं रबर वेगळं, आणि सांगणारा मनापासून आपल्या गाडीचं खरं सांगत असतो. तेव्हा कोणाचं ऐकायचं हे ठरवायच्या आधी "तुमच्या गाडीला कुठला लावलाय?" हे विचारायचं, आणि त्याच्याही आधी आपल्या गाडीला कुठला आहे ते आपल्याला माहीत हवं.

एक उदाहरण देते म्हणजे पटेल. ७,००० पौंडाच्या अ‍ॅक्सलला बहुतेक वेळा आतलं बेअरिंग २५५८० आणि बाहेरचं १४१२५ए असतं. ६,००० पौंडाच्या अ‍ॅक्सलला आतलं तेच, २५५८०, पण बाहेरचं १५१२३. आता समजा रस्त्यात तुमचं बाहेरचं बेअरिंग गेलं आणि शेजारच्या भल्या माणसाने आपल्या डब्यातला सेट काढून दिला, आतलं बसेल आणि बाहेरचं बसणारच नाही, आणि रविवारी संध्याकाळी छोट्या गावात ते कुठे शोधणार. म्हणून कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, त्यावर अ‍ॅक्सलच्या नळीवरच्या स्टिकरचा नंबर, बेअरिंगचे नंबर, सीलचा (ग्रीस आत धरून ठेवणारी कडी) नंबर, गिझरचं मॉडेल, फ्रिजचं मॉडेल, टायरचा साइज सगळं लिहा. आणि हे नंबर माझ्याकडून घेऊ नका हां, तुमच्या हबमधून (चाकाचा मधला भाग) काढलेल्या बेअरिंगवर कोरलेले असतात ते वाचून घ्या, २०१७ ची गाडी आहे, आधीच्या मालकाने काय बदललंय सांगता येत नाही.

आता मला स्वतःला हे कसं कळलं ते. दुसऱ्याच वर्षी एका पार्कात शेजारच्या काकांनी सांगितलं की हबच्या टोपीवरची रबरी बुच काढ, आत ग्रीसची निपल आहे, ग्रीस गन लाव आणि जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भर, चाकं खोलायची गरजच नाही. त्यांच्या गाडीला ते वर्षानुवर्षं चाललं होतं. मी चाक न फिरवता, गार हबमध्ये भराभरा गन मारली. मागचं सील दाबाने सरकलं आणि ग्रीस सगळं ब्रेकच्या ड्रममध्ये. आम्हाला कळलंच नाही. तीन दिवसांनी न्यू मेक्सिकोत एका लांब उतारावर ट्रेलरचा ब्रेक दाबला तर ट्रेलर ढकलतच राहिला, माझा नवरा गाडी चालवत होता, त्याने गिअर खाली घेत घेत कसंबसं सावरलं. खाली आल्यावर मी बराच वेळ रस्त्याच्या कडेला नुसती उभी होते, पाय थरथरत होते. त्या रात्री ज्या पार्कात थांबलो तिथे आयोवाचा एक निवृत्त शेतकरी होता, आयुष्यभर ट्रॅक्टर आणि धान्याच्या ट्रॉल्या दुरुस्त केलेला माणूस, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रम उघडून दाखवला आणि म्हणाला की ग्रीस प्यायलेले ब्रेक शू धुऊन उपयोग नाही, बदलायचेच. चार चाकांपैकी पहिलं त्याने स्वतः करून दाखवलं, बाकीची तीन माझ्याकडून करून घेतली. पैसे घेतले नाहीत, थालीपीठ मात्र दोनदा मागून खाल्लं.

पहिल्या काकांचं चुकलं नव्हतं. निपलची सोय कंपनीनेच दिलेली असते, पण चाक जॅकवर उचलून, हाताने फिरवत, सावकाश भरायचं असतं, आणि तरीही आतले ब्रेक शू, मॅग्नेट, सील हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ड्रम उघडावाच लागतो. त्यांनी मला युक्ती दिली आणि तिच्या अटी राहून गेल्या. तेव्हापासून मी कोणी काही सांगितलं की तीन गोष्टी विचारते. तुमच्या गाडीला कुठला पार्ट आहे, हे तुम्ही स्वतः केलंत का ऐकलंत, आणि केल्यावर किती मैल गाडी चाललीय. याला कोणी रागावत नाही. उलट ज्याने खरं काम केलंय तो खुलतो आणि फोन काढून फोटो दाखवायला लागतो.

तुमच्या बाबतीत बेअरिंगचं काम डिसेंबरच्या आधी कराच. आधीच्या मालकाने कधी केलं ते लेखी नसेल तर झालेलं नाही असंच धरायचं. नियम १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल ते. पार्कात दोन-तीन जणांनी मिळून एका दुपारी करा, एकाने दाखवायचं, बाकीच्यांनी आपापल्या गाडीवर करायचं, टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना) आणि बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं भांडं एकाच्याकडे असलं तरी पुरतं. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली कधीच लावायचा नाही, नळी वाकते आणि मग टायर एका बाजूने खातो, फ्रेमखाली लावायचा, आणि बाकीच्या चाकांना ठोकळे. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढायचं कारण दोन वेगळ्या जातीची ग्रीसं एकत्र आली की पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. सील दरवेळी नवीन, ते दोन-चार डॉलर वाचवू नका. नट आवळताना ड्रम फिरवत साधारण ५० फूट-पौंडापर्यंत आवळायचा, मग पूर्ण सैल करायचा, मग नुसत्या बोटांनी आवळायचा आणि स्प्लिट पिन घालायची. नवशिक्यांची इथेच चूक होते, "घट्ट म्हणजे चांगलं" असं वाटून नट तसाच ५० वर सोडतात आणि बेअरिंग जळतं. चाक परत लावल्यावर चाकाचे नट टॉर्क रेंचने, आणि मग १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून परत बघायचे. कंटाळा येतो, पण करा.

माझे वडील कराडला ट्रकवर होते. ते दर थांब्यावर उतरून प्रत्येक चाकाच्या हबला हाताची मागची बाजू लावायचे, लहानपणी मला तो देवाला नमस्कार केल्यासारखा प्रकार वाटायचा. इथे टेक्सासात तेच काम मी वीस-तीस डॉलरच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने करते. आकडा किती आला यापेक्षा चारही चाकांत फरक किती हे बघायचं. तीन सारखे आणि चौथा तीस-चाळीस अंशांनी जास्त तर त्या चाकाकडे काहीतरी बिघडलंय, बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक. उन्हाच्या बाजूची चाकं थोडी गरम असतातच, त्यावर घाबरू नका.

टायरबद्दल पार्कात सगळ्यात जास्त वाद होतात. तुमच्या साइजच्या गाडीला बहुधा एसटी २३५/८० आर १६, लोड रेंज ई असतील. तो टायर ८० पीएसआय हवेला ३,५२० पौंड पेलतो. तुमचा अ‍ॅक्सल ७,००० चा, म्हणजे एका चाकावर ३,५००. शिल्लक राहिली फक्त २० पौंड! म्हणून जुने लोक सांगतात की लोड रेंज जी घ्या, ११० पीएसआय, ४,४०० पौंड. सल्ला खरा आहे पण त्याची अट कोणी सांगत नाही, तुमची रिम ११० पीएसआयला चालते का ते रिमच्या आतल्या बाजूला कोरलेलं वाचा, न चालणाऱ्या रिमवर जी टायर लावून पूर्ण हवा भरणं धोक्याचं. आणि टायरचं वय बघा. डॉट नंबरच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात. मी सहाव्या वर्षी बदलते, नक्षी कितीही छान दिसली तरी. आणि फुटतो तेव्हा एकटा फुटत नाही, खालचा पत्रा, वायरिंग, कधी सांडपाण्याचा पाइपसुद्धा फाडून जातो. टायरच्या हवेचे सेन्सर बसवा, चालत्या गाडीत मागे काय चाललंय ते आरशात कळत नाही.

आता वजन. मी हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं खरं तर. तुमच्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी चिठ्ठी आहे, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतात ते छापलंय. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाच्या साधारण २० टक्के भार किंगपिनवरून (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची, ट्रकमधल्या हिचला अडकणारी जाड पिन) ट्रकच्या हौद्यात येतो. भरलेली गाडी १४,००० पौंड असेल तर २,८०० पौंड झाला हा. वर हिचचं वजन, तुम्ही दोघं, आणि मागच्या सीटवर आई-बाबा, त्यांच्या बॅगा. पाऊण टनाचा म्हणतात त्या डिझेल ट्रकची चिठ्ठी पुष्कळदा २,००० ते २,५०० च्या आसपासच असते. ट्रक ओढतो हो, इंजिन दमदार असतं, म्हणून माणसाला कळत नाही. "मी तर वर्षानुवर्षं ओढतोय, काही झालं नाही" असं सांगणारे तुम्हाला खूप भेटतील आणि या एका बाबतीत मी त्यांचं अजिबात ऐकत नाही.

हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केलचे वजनकाटे असतात, फार खर्च नाही. प्रवासाला निघताना जसे भरलेले असाल तसेच जा, पाणी, गॅस, सामान, माणसं सगळं. पुढचा अ‍ॅक्सल एका प्लॅटफॉर्मवर, मागचा दुसऱ्या, ट्रेलरची चाकं तिसऱ्या. मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक परत वजन करायचा, दोन पावत्यांतल्या ट्रकच्या आकड्यांचा फरक म्हणजे पिनवरचा भार. याच्यापुढची पायरी म्हणजे प्रत्येक चाकाचं वेगळं वजन, कारण स्वयंपाकघराची स्लाइड ज्या बाजूला ती बाजू जड असते, आणि अ‍ॅक्सलचं एकूण वजन बसत असूनही एका टायरवर जास्त येऊ शकतं. एस्केपीज म्हणून १९७८ सालापासूनचा आरव्हीवाल्यांचा क्लब आहे, त्यांचं मुख्य ठिकाण लिव्हिंग्स्टन, टेक्सास, तुमच्या ह्यूस्टनपासून दीडेक तासावर. तिथे स्मार्टवे नावाने चाकाचाकाचं वजन करून देतात आणि आकडे कसे वाचायचे तेही समजावतात. आधी फोन करून वेळ घ्या. तिथेच एक संध्याकाळ मुक्काम करा, वीस-वीस वर्षं गाडीत राहिलेली माणसं भेटतात, तुमच्या पार्कापेक्षा वेगळी माहिती मिळेल. आणि एकदा नीट पायापासून शिकायचं असेल तर अथेन्स, टेक्सासला एनआरव्हीटीए ही टेक्निशियन घडवणारी शाळा आहे, गाडीमालकांसाठीही त्यांचा वर्ग असतो, आम्ही दोघांनी केलाय.

कमानपाट्यांचं थोडं. स्प्रिंगच्या पाट्या टोकांना जोडणारे जे बोल्ट असतात त्यांना कंपनीतून बहुतेक वेळा प्लास्टिकचे बुश येतात आणि ते आश्चर्य वाटेल इतक्या लवकर झिजतात, मग लोखंडावर लोखंड घासून भोकं लांबट होतात. ब्रॉन्झचे बुश आणि ग्रीसची निपल असलेले बोल्ट, इकडे वेट बोल्ट म्हणतात, ते टाकून घेणं ही मी ऐकलेल्या सगळ्या सल्ल्यांतली सर्वात फायद्याची गोष्ट. गाडी २०१७ ची आहे, अजून कंपनीचेच बुश असतील तर आता वेळ झालीच. गाडीखाली झोपून शॅकलची (स्प्रिंग टांगणाऱ्या पट्ट्यांची) भोकं टॉर्चने बघा, गोल आहेत का अंड्यासारखी झालीत.

छतावर दर तीन महिन्यांनी चढायचं (फळी टाकून, गुडघ्यांवर). एअर कंडिशनर, व्हेंट, अँटेना यांच्या कडेने जो पांढरा लांबीसारखा थर असतो त्याला कुठे चीर दिसते का. पसरणारं सीलंट सपाट जागी, न ओघळणारं उभ्या कडेला. सिलिकॉन मात्र छतावर नको, कोणी कितीही सांगितलं तरी, त्यावर नंतर दुसरं काहीच चिकटत नाही आणि खरवडून काढताना छताचं रबर फाटतं. ह्यूस्टनच्या दमट हवेत आत गेलेलं पाणी वाळत नाही, लाकूड सडतं. आतून कोपऱ्यांतल्या भिंती आणि कपाटांचे तळ अंगठ्याने दाबून बघत जा, मऊ लागलं तर पाणी आलंय.

गिझरलाही हीच अट. सबर्बन असेल तर आत अ‍ॅनोड रॉड असतो, तो दरवर्षी काढून बघायचा, तीन-चतुर्थांश खाल्ला गेला असेल तर बदलायचा. अ‍ॅटवुडची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, त्याला अ‍ॅनोड लागत नाही, नुसता प्लास्टिकचा प्लग. शेजारी म्हणाला म्हणून अ‍ॅटवुडमध्ये रॉड घुसवू नका. आणि कुठलाही असो, बंद करून, गार करून, वरचा वाल्व्ह उघडून दाब घालवल्याशिवाय खालचा प्लग फिरवायचा नाही.

पार्कातल्या पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा, विजेच्या खांबाला नुसता सर्ज प्रोटेक्टर नाही तर व्होल्टेज कमीजास्त झालं की तोडणारा संपूर्ण ईएमएस लावा. ५० अ‍ॅम्पच्या खांबात १२० व्होल्टच्या दोन लाइन असतात आणि न्यूट्रल सुटला तर एका बाजूची उपकरणं क्षणात जळतात. गॅसची गळती, फ्रेमला चीर, वेल्डिंग, हे शेजाऱ्याचं काम नाही, कितीही हुशार असला तरी. पुढच्या टोकाला, किंगपिनच्या वरच्या भागात बाहेरचा पत्रा फुगलेला किंवा सुरकुतलेला दिसला तर गाडी हलवायच्या आधी माहितगाराला दाखवा.

आणि एक रिवाज सांगते जो तुम्हाला कोणी सांगणार नाही कारण सगळ्यांना तो माहीतच आहे असं धरलं जातं. कोणी ट्रेलर जोडत किंवा सोडत असेल तेव्हा त्याच्याशी बोलायला जायचं नाही, हातसुद्धा हलवायचा नाही. आणि तुम्ही जोडत असताना कोणी आलाच तर नम्रपणे थांबवा, आणि बोलणं झालंच तर जोडणीची यादी परत पहिल्यापासून. किंगपिन हिचच्या जबड्याच्या वर चढून बसली आणि कोणी टॉर्च मारून बघितलं नाही तर पहिल्याच खड्ड्यात ट्रेलर ट्रकच्या हौद्यावर आदळतो. जबडा बंद झाल्याचं डोळ्यांनी बघायचं, मग पुढचे पाय जमिनीपासून जेमतेम उचलून, ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून ट्रक हळूच पुढे ओढायचा. सुटायचंच असेल तर तिथे सुटू दे, पाय खाली आहेत. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी) ट्रकलाच अडकवा, हिचला नाही, हिचच उखडला तर तार ओढली जाणार नाही.

व्हॅलीत तुम्हाला खूप आवडेल. थंडीत मिनेसोटा, आयोवा, मॅनिटोबाकडची मंडळी येतात, तिथे त्यांना विंटर टेक्सन्स म्हणतात, निम्मे निवृत्त शेतकरी किंवा मेकॅनिक, बऱ्याच पार्कांत अवजारांची खोलीसुद्धा असते. तुमच्या बाबांना तिथे संध्याकाळी एकटं वाटणार नाही. जाताना यूएस ७७ वर रिव्हिएरानंतर रेमंडव्हिलपर्यंत वस्ती जवळजवळ नाही, त्याच्या आधीच थांबून डिझेल भरा, हबचं तापमान घ्या, टायर बघा. येताना सरिताला बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते, आई-बाबांचे पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) प्रत ट्रकमध्ये हाताशी ठेवा, ट्रेलरमध्ये कपाटात नको. डिसेंबरातही थंडीची लाट येऊ शकते, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात अनेकांचे पाइप फुटले, तेव्हा आठ-दहा लिटर गुलाबी अँटिफ्रीज बरोबर असू द्या, फक्त ते आरव्हीच्या पाण्याच्या पाइपांसाठीचंच घ्या, इंजिनाचं विषारी असतं.

आधी एखाद्या शनिवारी पूर्ण भरलेली गाडी घेऊन, मागच्या सीटवर आई-बाबांच्या वजनाएवढ्या पाण्याच्या बाटल्या ठेवून, वजनकाट्यावर जाऊन या. दोन्ही पावत्यांचे आणि दाराच्या चिठ्ठीचे फोटो पाठवा, बाकीचं त्यावरून बघू.